चिनी कलाछायाचित्रावर बोली लावण्याआधी

बीजिंगच्या पूर्व कडेला दाशानझुआंग नावाची वस्ती होती. कचरा वेचणारे, बाहेरगावचे मजूर आणि शहरातलं भाडं परवडत नाही म्हणून आलेले तरुण चित्रकार तिथं राहत. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजची आठवण म्हणून या कलावंतांनी तिला 'पूर्व खेडं' असं नाव दिलं. १९९४ च्या उन्हाळ्यात झांग हुआन या कलावंतानं अंगाला मध आणि माशाचं तेल फासलं आणि तो वस्तीतल्या सार्वजनिक संडासात तासभर निश्चल बसून राहिला. अंगभर माश्या चिकटल्या. त्या संडासाचं क्षेत्रफळ हेच कृतीचं नाव झालं: 'बारा चौरस मीटर'. रोंग रोंग हा फुजियान प्रांतातून आलेला तरुण छायाचित्रकार समोर कॅमेरा घेऊन उभा होता.

आज या कृतीचं छायाचित्र लिलावात येतं तेव्हा पहिला प्रश्न पडतो, हे काम कुणाचं? देह झांग हुआनचा, कल्पना त्याची, सोसणंही त्याचं. पण उजेड कुठून घ्यायचा, चौकट कुठं धरायची आणि बटण केव्हा दाबायचं, हे रोंग रोंगनं ठरवलं. समकालीन चिनी छायाचित्रं विकत घेणाऱ्याची खरी परीक्षा इथून सुरू होते. इथं तुम्ही प्रतिमा विकत घेत नाही. प्रतिमा इंटरनेटवर फुकट दिसते. तुम्ही घेता ती एक विशिष्ट प्रिंट, विशिष्ट सहीची, विशिष्ट वर्षी छापलेली. बोली लावण्याआधीचा सगळा अभ्यास त्या एका कागदाचा असतो. तो कसा करायचा, ते क्रमानं सांगतो.

आधी डोळा तयार करा

कॅटलॉग उघडण्याआधी महिना-दोन महिने फक्त पाहण्यात घालवा. १९९० नंतरच्या चिनी कलाछायाचित्रणात ढोबळमानानं चार प्रवाह दिसतात. पहिला देहकृतींचा: झांग हुआन, मा लिउमिंग, सोंग डोंग. दुसरा रंगमंचासारखी मांडणी करून टिपलेल्या दृश्यांचा: वांग चिंगसोंग, यांग फुडोंग, साओ फेई. तिसरा बदलत्या शहरांचा. झांग डालीनं बीजिंगच्या पाडायला काढलेल्या भिंतींवर स्वतःच्या डोक्याची बाह्यरेखा रंगवली, काही ठिकाणी ती आरपार फोडली आणि त्या भोकातून दिसणारं शहर टिपलं. वेंग फेनच्या छायाचित्रांत शाळकरी मुलगी भिंतीवर पाठमोरी बसून समोर उगवलेल्या टोलेजंग इमारतींकडे पाहते.

चौथा प्रवाह स्मृतीचा, आणि माझं मन यातच रमतं. हाय बोनं 'ते' या मालिकेत माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळातले जुने सामूहिक फोटो घेतले, त्यातली माणसं शोधून काढली आणि त्यांना त्याच क्रमानं पुन्हा बसवलं. जो हयात नाही, त्याची जागा रिकामी. जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लागतात. ती रिकामी जागा पाहून घशात आवंढा येतो, आणि त्यासाठी चिनी इतिहासाचा अभ्यास लागत नाही. लिउ झेंग हा कामगारांच्या एका दैनिकात छायाचित्रकार होता. १९९४ पासून काही वर्षं देशभर फिरून त्यानं 'चिनी माणसं' ही कृष्णधवल मालिका केली. तीही याच प्रवाहातली.

कुणाला किती वजन द्यायचं, हे कळायला २००४ चं एक प्रदर्शन चांगला नकाशा आहे. वू हुंग आणि क्रिस्टोफर फिलिप्स या अभ्यासकांनी न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी आणि एशिया सोसायटीत 'भूत आणि भविष्याच्या मध्ये' या आशयाच्या नावाखाली चिनी छायाचित्रं आणि व्हिडिओ एकत्र मांडले. पुढं ते प्रदर्शन शिकागो, लंडन, बर्लिन असं फिरलं. एखादी मालिका त्यात होती, असा उल्लेख लॉटच्या (लिलावात विक्रीला आलेल्या वस्तूच्या) माहितीत असेल तर त्याला अर्थ आहे. त्याशिवाय बीजिंगच्या साओचांगदी भागात रोंग रोंग आणि त्याची जपानी पत्नी इनरी यांनी २००७ मध्ये 'थ्री शॅडोज' हे छायाचित्र कलाकेंद्र सुरू केलं. हाँगकाँगच्या एम-प्लस संग्रहालयाला स्विस संग्राहक उली सिग यांनी २०१२ मध्ये १,४६३ कलाकृती देणगी दिल्या. या दोन्ही ठिकाणांची ऑनलाइन पानं चाळत राहा.

एक छोटी पण कामाची गोष्ट. चिनी नावात आडनाव आधी येतं आणि एकच कलावंत दोन नावांनी नोंदलेला असू शकतो. वेंग फेन काही ठिकाणी वेंग पेइजुन म्हणून सापडतो. दोन्ही नावांनी शोध घेतला नाही, तर जुन्या विक्रीची निम्मी नोंद नजरेतून सुटते.

मग विचारा: हे कुणाचं?

देहकृतीची छायाचित्रं घेणार असाल तर ही पायरी ओलांडू नका. मे १९९५ मध्ये बीजिंगच्या पश्चिमेला मियाओफेंग डोंगरावर दहा कलावंत विवस्त्र होऊन एकमेकांवर आडवे झाले. वजनानुसार थर लावले, उंची मोजली आणि त्या बेनाम टेकडीला एक मीटर वाढवलं. 'अनाम डोंगराला एक मीटर जोडताना' हे त्या कामाचं नाव. ही कृती दहाजणांची, फोटो काढणारा अकरावा. जगभर ती झांग हुआनच्या नावानं प्रसिद्ध झाली, पण लिलावात तिच्या प्रिंट एकाहून अधिक सहभागी कलावंतांच्या नावानं आल्या आहेत.

म्हणजे 'तोच फोटो' दोन लिलावांत दोन नावांनी, दोन एडिशनांत (मर्यादित संख्येत छापलेल्या प्रतींच्या गटांत), दोन किमतींना दिसू शकतो. यात कुणी फसवत असेलच असं नाही. 'पूर्व खेडं' एकत्र राहत होतं, एकमेकांच्या कृतींत उतरत होतं आणि तेव्हा यातून पैसा येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण विकत घेणाऱ्यानं लिलावगृहाला लेखी विचारायलाच हवं. सही कुणाची आहे? कृती करणाऱ्याची, छायाचित्रकाराची की दोघांची? प्रिंट कुणाच्या देखरेखीखाली झाली? एडिशन कुणाच्या नावानं चालते? उत्तर ईमेलवर घ्या. फोनवर मिळालेलं आश्वासन पुढं विकताना उपयोगाला येत नाही.

रोंग रोंगच्या सहीची प्रिंट आणि झांग हुआनच्या सहीची प्रिंट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली त्या वस्तीचं छायाचित्रकारानं ठेवलेलं टिपण आहे, दुसरी कृतीचा अवशेष. मला स्वतःला पहिली जवळची वाटते, कारण रोंग रोंगनं त्या खोल्या, ती थंडी, ते चेहरेसुद्धा टिपले आणि ते सगळं एकमेकांना धरून आहे. बाजार मात्र बहुधा दुसरीकडे झुकतो. तुमचा कल कुठं, ते बोली सुरू होण्याआधी ठरवा.

एडिशनचा हिशेब

कॅटलॉगमध्ये '३/१५' असं लिहिलेलं असतं, म्हणजे पंधरापैकी तिसरी प्रिंट. एवढ्यावर समाधान मानू नका. तोच फोटो मोठ्या आकारात आठ, मधल्या आकारात पंधरा आणि लहान आकारात पंचवीस असाही निघालेला असू शकतो. शिवाय कलावंताच्या स्वतःच्या प्रती. एकूण बेरीज करा. जगात त्या प्रतिमेच्या पन्नास सह्या केलेल्या प्रिंट असतील, तर '३/१५' हा आकडा तुम्हाला पुरता खरा प्रकार सांगत नाही.

युरोपीय संघाच्या करविषयक नियमांत यासाठी चांगली फूटपट्टी आहे. छायाचित्र कलाकृती म्हणून धरायचं असेल तर ते कलावंतानं स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली छापलेलं, सही आणि क्रमांक असलेलं हवं, आणि सगळे आकार मिळून तीसपेक्षा जास्त प्रती नकोत. हा नियम करापुरता असला तरी मी तो स्वतःच्या खरेदीला लावतो.

छापल्याचं वर्षही महत्त्वाचं. 'छायाचित्र १९९५, प्रिंट २००६' आणि 'छायाचित्र १९९५, प्रिंट १९९५' यात फरक पडतो. नव्वदीत त्या कलावंतांकडे पैसे नव्हते, जुन्या प्रिंट बहुतेक लहान आणि साध्या कागदावरच्या आहेत. २००० नंतर गॅलऱ्या आल्या, तशा मोठ्या, चकचकीत रंगीत प्रिंट निघाल्या. दिसायला मोठी प्रिंट भारदस्त वाटते. पण घटनेच्या काळात निघालेली लहान प्रिंट हातात आली तर तिला कमी लेखू नका.

संच असेल तर पानं मोजा. आय वेइवेइ प्राचीन हान राजवटीतला कलश हातातून सोडतो ते १९९५ चं काम तीन छायाचित्रांचं आहे. झांग हुआनचं २००० सालचं 'वंशवृक्ष' नऊ पानांचं. त्यात तीन सुलेखनकारांनी त्याच्या चेहऱ्यावर अक्षरं लिहीत नेली आणि शेवटी सगळा चेहरा काळा झाला. सोंग डोंग ल्हासा नदीत बसून लाकडी शिक्का पाण्यावर पुन्हा पुन्हा उमटवतो, ते १९९६ चं काम ३६ छायाचित्रांचं. अशा संचातलं सुटं पान स्वस्तात आलं तरी घेऊ नका. सोंग डोंगच्या कामात तर अर्थच पुनरावृत्तीत आहे: पाण्यावर काही उमटत नाही, तरी माणूस शिक्का मारत राहतो. एका पानात ते कसं यावं?

किंमत वाचायला शिका

कॅटलॉगमधला अंदाज, उदाहरणार्थ ८०,००० ते १,२०,००० हाँगकाँग डॉलर, हा हातोडा पडतो त्या, म्हणजे शेवटच्या बोलीच्या, किमतीचा असतो. निकालात छापलेली किंमत मात्र खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन धरून असते. नवखे लोक या दोन आकड्यांची तुलना करतात आणि 'अंदाजापेक्षा जास्त गेलं' असं समजतात. प्रत्यक्षात ते अंदाजाच्या आतच विकलेलं असू शकतं. मोठ्या लिलावगृहांत या किमतीच्या पट्ट्यात कमिशन साधारण पाव हिश्श्याच्या आसपास असतं आणि ते अधूनमधून बदलतं. प्रत्येक विक्रीच्या अटींत ताजा दर पाहा.

समजा हातोडा १,००,००० हाँगकाँग डॉलरला पडला आणि कमिशन २६ टक्के आहे. म्हणजे १,२६,००० झाले. त्यावर पॅकिंग, विमा, विमानभाडं, बँकेचा दर, भारतातली कस्टम ड्यूटी. मी आधी घरपोच किंमत काढतो आणि तिथून मागं येत बोलीची मर्यादा ठरवतो. हाँगकाँग डॉलर अमेरिकी डॉलरला सुमारे ७.८ या दरानं बांधलेला आहे, त्यामुळे रुपयातला हिशेब अमेरिकी डॉलरवर नजर ठेवून करता येतो.

जुने निकाल पाहताना वर्षाकडे लक्ष द्या. ३१ मार्च २००६ रोजी न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावगृहात समकालीन आशियाई कलेचा लिलाव झाला, त्यात झांग शियाओगांगचं एक तैलचित्र ९,७९,२०० डॉलरला गेलं आणि पुढची दोन वर्षं सगळ्या चिनी कलेला वारा लागला. छायाचित्रंही त्याच वाऱ्यावर चढली. त्याच वर्षी बीजिंगच्या हुआचेन लिलावगृहानं छायाचित्रांचे स्वतंत्र लिलाव सुरू केले. २००८ च्या शरद ऋतूत जगाची बाजारपेठ कोसळली आणि यातल्या अनेक नावांच्या किमती पुन्हा त्या उंचीवर गेल्या नाहीत. विकणारा २००७ ची पावती दाखवत असेल तर ती आजच्या किमतीचा पुरावा नव्हे. त्याच प्रतिमेची गेल्या पाच-सात वर्षांतली विक्री शोधा. त्याच वेळी न विकल्या गेलेल्या लॉटचीही नोंद ठेवा. एखादी प्रतिमा तीनदा येऊन तीनदा परत गेली असेल तर राखीव किंमत (ज्याखाली विकायचं नाही असं ठरलेली किंमत) फार वर आहे, आणि लिलावानंतर लिलावगृहाला थेट विचारून ती खाली मिळू शकते.

सगळीच नावं उतरली असं मात्र नाही. आय वेइवेइच्या कलशाच्या तीन छायाचित्रांचा एक संच २०१६ मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये सात लाख पौंडांच्या पुढं गेला. पण तो अपवाद धरून लहान खरेदीचा अंदाज बांधू नका.

कागद, रंग, ओरखडे

स्थितीचा अहवाल मागवल्याशिवाय बोली लावायची नाही. तो फुकट मिळतो. सोबत चारही कोपऱ्यांचे, मागच्या बाजूचे आणि तिरक्या उजेडात काढलेले फोटो मागा. तिरक्या उजेडात सुरकुत्या आणि बोटांचे ठसे उघडे पडतात.

रंगीत प्रिंट असेल, जिला सी-प्रिंट म्हणतात, तर रंग उतरण्याची भीती खरी आहे. नव्वदीतल्या प्रिंटमध्ये पांढरा भाग पिवळसर आणि काळा भाग तांबूस झाला आहे का ते पाहा. उतरलेला रंग परत आणता येत नाही. काही कलावंत प्रिंट खराब झाल्यास जुनी परत घेऊन नवी देतात, पण तसं झालं असेल तर त्याची कागदपत्रं हवीत, नाहीतर एकाच क्रमांकाच्या दोन प्रिंट बाजारात फिरतात.

मोठ्या प्रिंट बरेचदा अॅक्रेलिकच्या मागं कायमच्या चिकटवलेल्या असतात. भिंतीवर त्या सुंदर दिसतात, पण अॅक्रेलिकवर ओरखडा आला तर काच बदलतो तशी ती बदलता येत नाही. अहवालात 'पृष्ठभागावर किरकोळ ओरखडे' असे शब्द दिसले, तर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय किंवा कुणाला पाठवून पाहून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. कृष्णधवल सिल्व्हर जिलेटिन प्रिंट (चांदीच्या संयुगांचा जिलेटिन थर असलेल्या कागदावरची) नीट धुतली गेली असेल तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. नवख्यानं सुरुवात तिथून करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आकारही मोजा. वांग चिंगसोंगचं २००० सालचं 'लाओ लीचा रात्रोत्सव' हे दहाव्या शतकातल्या गू होंगझोंगच्या चित्रपट्टीवर बेतलेलं काम त्याच्या मोठ्या आकारात सुमारे साडेनऊ मीटर लांब आहे. मुंबईतल्या कुठल्या घरात एवढी सलग भिंत आहे?

कुठून घ्यायचं

एकच प्रिंट 'छायाचित्रे' या विभागाच्या लिलावात आली तर प्रिंटचं वर्ष, कागद, सही कुठं आहे याची तपशीलवार नोंद मिळते. तीच समकालीन कलेच्या मोठ्या लिलावात आली तर ही माहिती त्रोटक असते, मग ती खणून काढावी लागते. पण चित्रांसाठी आलेल्या गर्दीत छायाचित्राकडे कमी डोळे असतात, त्याचा फायदाही होतो.

कायदेशीर हमीत मोठा फरक आहे. चीनच्या लिलाव कायद्याच्या ६१ व्या कलमानुसार लिलावगृहानं वस्तूच्या अस्सलपणाची वा दोषांची हमी देता येत नाही असं आधीच जाहीर केलं असेल, तर पुढं त्याच्यावर त्याची जबाबदारी येत नाही. मुख्य भूमीवरचे लिलाव साधारणपणे याच अटीवर चालतात. क्रिस्टीज हे लिलावगृह विक्रीच्या तारखेपासून पाच वर्षं अस्सलपणाची हमी देतं, पण ती मथळ्यात इंग्रजी कॅपिटल अक्षरांत छापलेल्या मजकुरापुरतीच. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं तिच्यात येत नाही. म्हणून पहिल्या खरेदीसाठी हाँगकाँग, लंडन किंवा न्यूयॉर्क. हाँगकाँगमध्ये कलाकृतींवर विक्रीकर आणि आयात शुल्कही नाही. बीजिंगमध्ये बोलीचा फलक मिळवायलाच अनामत भरावी लागते आणि तिथला हिशेब परदेशी खरेदीदाराला गुंतागुंतीचा होतो.

बोलीच्या दिवशी

नोंदणी तीन-चार दिवस आधी करा, पासपोर्ट आणि बँकेचं पत्र लागतं. आपली कमाल मर्यादा कागदावर लिहा, आणि ती कमिशन सोडून हातोड्याच्या किमतीत लिहा. हाँगकाँगची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे, हे लक्षात ठेवून घड्याळ लावा. ऑनलाइन बोलीत मनावर ताबा राहत नसेल तर लेखी बोली देऊन ठेवा, लिलावकर्ता ती गरजेपुरतीच चढवतो.

घरी आणताना आणि आणल्यावर

पैसे पाठवण्याआधी बँकेला विचारा की व्यवहार आयात म्हणून नोंदवायचा की व्यक्तिगत परकीय चलन योजनेत. त्या योजनेत एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे आणि ठरावीक रकमेवर बँक कर आगाऊ कापून घेते. कस्टमसाठी चांगला क्लिअरिंग एजंट आधीच गाठा. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हातानं काढलेली चित्रं ९७ व्या प्रकरणात येतात, पण छायाचित्रं ४९११ या शीर्षकाखाली, छापील वस्तूंच्या शेजारी बसतात. त्यामुळे चित्राला लागू होणारा दर छायाचित्राला लागू होईल असं धरून चालू नका. बिलावर 'सही आणि क्रमांक असलेली छायाचित्र प्रिंट' असं स्पष्ट वर्णन लिहून घ्या.

घरी आल्यावर खरा शत्रू आपला पावसाळा. मुंबई, कोकण, गोवा इथं जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की कागद फुगतो, जिलेटिनच्या थरावर बुरशी धरते आणि कसर कडेनं कुरतडते. बाहेरच्या भिंतीवर प्रिंट लावायचीच नाही, कारण ओल आतून झिरपते. फ्रेममध्ये आम्लरहित कागद, अतिनील किरण अडवणारी काच आणि प्रिंट-काच यांच्यात फट हवी. प्रिंट काचेला टेकली की ओलसर हवेत ती चिकटते आणि मग सोडवताना थर निघून येतो. माझ्या परिचयातल्या एकानं पुण्यात एक सुंदर कृष्णधवल प्रिंट रस्त्यावरच्या साध्या फ्रेमवाल्याकडून, पाठीला साधा पुठ्ठा लावून फ्रेम करून घेतली. दोन पावसाळ्यांत पुठ्ठ्याचे तपकिरी डाग पुढं उमटले.

बिल, स्थितीचा अहवाल, ईमेलमधली उत्तरं, कलावंताचं वा गॅलरीचं प्रमाणपत्र हे सगळं एका पाकिटात, प्रिंटपासून वेगळ्या कपाटात ठेवा. दर ऑक्टोबरला, पाऊस पूर्ण सरल्यावर, फ्रेम भिंतीवरून उतरवून पाठीमागून तपासा.